पाटी लावली, आता घर सांभाळा

रामायण शिकवताना मी वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारते. संजीवनीची मुळी आणायला गेलेल्या मारुतीने सगळा डोंगर का उपटून आणला? मुले एका सुरात ओरडतात, "तो ताकदवान होता म्हणून!" मी म्हणते, "नाही रे बाळांनो, त्याला झाड ओळखता आले नाही म्हणून." झाडाला पाटी असती, तर एक मुळी कनवटीला लावून तो परतला असता. नाव नव्हते, म्हणून पर्वत वाहावा लागला.

त्या पर्वताचा एक तुकडा वाटेत आमच्याकडे पडला, असे इकडची जुनी माणसे सांगतात. उरणजवळ करंज्याला जो डोंगर आहे, त्याचे नाव द्रोणागिरी. आणि पनवेल-उरणच्या पट्ट्यात सिडकोने जी नवी वसाहत वसवली, तिलाही त्या डोंगराचेच नाव मिळाले. मी तिथेच राहते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. शाळेत खालच्या वर्गांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा संगणकाच्या विषयात ही बाई कशाला तोंड घालते, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. प्रश्न संगणकाचा नाही, पाटीचा आहे. आणि पाटी हा तर मास्तरणीचाच विषय!

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. दिवसा तो पगाराची नोकरी करतो आणि रात्री बिनपगारी. म्हणजे असे की, 'ओपन सोर्स' म्हणून एक प्रकार आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरची घडण कुलपात ठेवलेली नसते. कोणीही ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून ते बनवतात. तशा एका प्रकल्पात हा मुलगा राबतो. पण त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"बाई, आमच्यात दोन महिने भांडण चालू आहे."

"पैशांवरून?"

"पैसे आहेतच कुठे! नावावरून."

मग त्याने जे सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. इंटरनेटवर प्रत्येक संस्थेचे एक नाव असते. त्याला डोमेन म्हणतात. तो झाला वाडा. वाड्यात खोल्या असतात: एकीत बातम्या, दुसरीत मदत, तिसरीत सामान उतरवून घ्यायची सोय. प्रत्येक खोलीला छोटे नाव देतात आणि टिंब देऊन ते वाड्याच्या नावापुढे जोडतात. हे सबडोमेन. आपण पोटभाडेकरू म्हणतो, त्या चालीवर मी त्याला पोटनाव म्हणते. तर यांच्यातल्या एकाने एक नवी सोय तयार केली आणि तिला आपल्या मांजराचे नाव दिले. दुसरे म्हणाले, नावावरून काम कळले पाहिजे. तिसरे, ज्यांच्या हाती नावांच्या किल्ल्या होत्या, ते म्हणाले, आम्हांला न विचारता पाटी लावलीच कशी? झाले! काम बाजूला राहिले आणि पत्रापत्री सुरू झाली.

मी हसले. "चकली खा," म्हटले, "आणि मांजराला दूध घाल."

तो गेल्यावर मात्र माझे हसू मावळले. कारण चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला आठवली, आणि ती आठवली की आजही मला शरम वाटते.

काही उत्साही मंडळींनी मुलांच्या गोष्टी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवण्याचे काम काढले होते. सगळे स्वयंसेवक. मीही सात गोष्टी दिल्या. त्यांनी आपल्या मुख्य नावाखाली आमच्याकडच्या गोष्टींसाठी एक सुंदरसे पोटनाव काढले. मी ते फळ्यावर लिहिले आणि चाळीस मुलांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले. वर्ष-दीड वर्ष बरे चालले. मग ज्या तरुणाने ती खोली मांडली होती, तो दुसऱ्या कामाला लागला. ज्या दूरच्या संगणकावर गोष्टी ठेवल्या होत्या, तिथली भाड्याची जागा सुटली. पोटनाव मात्र त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत तसेच उभे राहिले. कोणा परक्याने ते हेरले आणि तीच जागा भाड्याने घेतली.

एके दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याची आई वर्गाच्या दाराशी आली. हातात फोन.

"बाई, हा पत्ता तुम्हीच लिहून दिला होता ना?"

पडद्यावर पत्ते आणि पैसे नाचत होते. जुगाराचा अड्डा! वर नाव मात्र त्याच भल्या मंडळींचे, आणि खाली वहीत अक्षर माझ्या विद्यार्थ्याचे. ती बाई रागावली नाही. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ते पाहणे मी विसरलेली नाही.

मी त्या मंडळींना लिहिले. तिघांची उत्तरे आली. पहिला म्हणाला, नाव मी दिले नव्हते. दुसरा म्हणाला, दिले होते, पण आता मी तिथे नाही. तिसरा म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे, पण कोणाला विचारून काढू? नाव देताना सहा हात पुढे आले होते. ते उतरवायला एकही येईना. शेवटी चाळीस वह्यांतला तो पत्ता मी लाल शाईने खोडला.

म्हणून मी म्हणते, माझा तो विद्यार्थी आणि त्याचे सोबती क्षुल्लक गोष्टीवरून भांडत नव्हते. क्षुल्लक काय होते, तर त्यांच्या भांडणाचे कारण. नाव देण्याचा मान कोणाचा, यावर ते भांडत होते. नाव सांभाळण्याचे ओझे कोणाचे, यावर भांडायला हवे होते. सामाईक नावाखाली पाटी लावणे हा मान नव्हे; तो जामीन आहे. पाटी वाचून जो आत शिरतो, तो तुमच्या शब्दावर शिरतो.

हे जुनेच दुखणे आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावे एकाच यादीत होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती यादी राखीत. ज्याला नाव हवे त्याने त्यांना कळवावे, त्यांनी ते नोंदवावे. संगणक वाढले, यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत आखली: वरच्याने खालच्याला नाव द्यावे, आणि खालच्याने आपल्या पोटातली नावे आपण द्यावीत. अधिकार वाटले गेले, ही गोष्ट चांगली झाली. पण अधिकाराबरोबर ती वही राखणाऱ्या बाईंची शिस्तही वाटली गेली का? ती ज्याने त्याने आपल्या मनावर घ्यायची राहिली, आणि पुष्कळांनी ती घेतली नाही.

ज्यांनी घेतली त्यांचे उदाहरण देते. 'डेबियन' नावाचा एक मोठा स्वयंसेवी प्रकल्प आहे. इयान मरडॉक यांनी तो १९९३ साली सुरू केला. नावसुद्धा घरगुती: त्यांच्या मैत्रिणीचे डेब्रा आणि स्वतःचे इयान यांची जोडी. जगभर विखुरलेले हजारएक सभासद आज तो चालवतात. त्यांनी वाड्याला दोन अंगणे ठेवली आहेत. 'डेबियन डॉट नेट' हे पुढचे अंगण. सभासदाने तिथे आपल्या हिमतीवर पाटी लावावी, प्रयोग करावा. तो त्याचा, प्रकल्पाचा नव्हे. 'डेबियन डॉट ऑर्ग' हे माजघर. तिथे तेच येते, ज्याचा सांभाळ प्रकल्प स्वतः करतो. अंगणातला प्रयोग रुजला, सांभाळणारे हात मिळाले, की त्याला माजघरात घेता येते. किती शहाणपणाची वाटणी! हौशीला आडकाठी नाही आणि घराच्या अब्रूला धोका नाही.

मांजराच्या नावाचेही उत्तर याच मंडळींकडे आहे. त्यांच्या यंत्रांना ते संगीतकारांची नावे देतात. यंत्र हे बैलासारखे आहे. धन्याने त्याला ढवळ्या म्हणावे, पवळ्या म्हणावे. हाक मारणारा घरचाच असतो. पण विहिरीवर जी पाटी लावायची ती वाटसरूसाठी. तिच्यावर 'पिण्याचे पाणी' असेच लिहिले पाहिजे. तिथे बैलाचे नाव लिहिले तर तहानलेला माणूस पुढे निघून जाईल. मांजर गोड आहे, हे मान्य. पण मदतीची खोली शोधणाऱ्याला तुमच्या मांजराचे नाव कसे ठाऊक असणार?

आता या मंडळींचा आवडता युक्तिवाद ऐका. "आम्ही फुकट राबतो. निदान नाव तरी आमच्या मनासारखे असू द्या." मी विचारते, गणेशोत्सवाच्या मंडळात कोण पगारी असतो? मांडव घालणारा, आरास करणारा, रात्र जागवणारा, सगळे हौसेने राबतात. म्हणून वर्गणीची पावती कोणी स्वतःच्या नावाने फाडतो का? फाडली तर आपण त्याला स्वयंसेवक म्हणत नाही. दुसरे काही म्हणतो. श्रम फुकट दिले म्हणजे सामाईक नाव विकत मिळाले असे होत नाही. दान दिलेल्या घंटेवर देवळात आपले नाव कोरतात, हे खरे. पण देऊळ देवाच्याच नावाचे राहते.

इतके बोलले म्हणून किल्ल्यावाल्यांनी खूश होऊ नये. त्यांचाही हिशेब व्हायचा आहे. नियम हवा, पण तो बसल्या जागी केलेला नको. ज्याच्या दारावर पाटी लावायची, त्याला विचारले पाहिजे. ही गोष्ट आम्हां उरण-पनवेलकरांना कोणी शिकवायला नको.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. नकाशावर नोड आले, सेक्टर आले, आकडे आले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी उभा राहिला. दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला. पाच माणसे गेली. त्यानंतर १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत रेल्वे आली, तेव्हा नवघरच्या हद्दीतल्या स्थानकाच्या फलकावर नाव होते न्हावा-शेवा, आणि बोकडवीऱ्याच्या स्थानकावर द्रोणागिरी. गावकऱ्यांनी आपल्या गावांची नावे मागितली. पुष्कळ सुशिक्षित हसले. गाडी आली ना, मग फलकावर काही का असेना! पण ज्या गावाने जमीन दिली, ज्याच्या वेशीवर रक्त सांडले, त्याचे नाव फलकावर मागणे हा पोरखेळ आहे काय? आणि शेव्याची गोष्ट तर विलक्षण. १९८९ साली सुरू झालेल्या बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला. माणसे एकीकडे गेली आणि त्यांच्या गावाचे नाव जगभरच्या जहाजांच्या कागदांवर गेले. नाव जगप्रसिद्ध आणि नावाचा धनी विस्थापित!

संगणकाच्या वाड्यात असे घडत नाही, असे समजू नका. विकिपीडिया हा ज्ञानकोश स्वयंसेवकच लिहितात, आणि तो ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअरही मुक्त आहे. प्रत्येक भाषेला तिथे एक खोली आहे आणि खोलीला भाषेच्या संकेताक्षरांचे पोटनाव. मराठीची खोली १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी उघडली. तिच्यावर 'एमआर' ही अक्षरे आहेत. गंमत अशी, की हीच दोन अक्षरे पत्त्याच्या शेवटी आली तर देश होतो आफ्रिकेतला मॉरिटानिया! म्हणजे नावाचा अर्थ त्याच्या जागेवर ठरतो, आणि जागेचा नियम लिहून ठेवावा लागतो. विकिपीडियाने तो लिहिला: भाषांची जी आंतरराष्ट्रीय संकेतसूची आहे, तिच्यातील अक्षरे घ्यावीत. मनमानीला आळा बसला, हे चांगले झाले.

पण सूची करणारे कोण? एथ्नोलॉग या नामांकित परदेशी भाषासूचीत आमची आगरी 'कुलाब्याची आगरी' म्हणून कोंकणीच्या पोटात नोंदलेली मी पाहिली आहे. कुलाब्याचा रायगड होऊन १९८१ पासून किती वर्षे लोटली! आणि आगरी बोलणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना कोणी विचारले, की तुमची बोली कोणाच्या पोटातली? त्या आपल्या बोलीला आगरीच म्हणतात आणि मुलांना मराठी शाळेत घालतात. उद्या या बोलीला कोणी खोली द्यायची म्हटली, तर दारावर काय लिहायचे हे परक्या सूचीवरून ठरणार की राहणाऱ्यांच्या तोंडून?

बेलारूस देशातल्या भाषेचे असेच झाले. तिच्या लेखनाच्या दोन रीती आहेत. एक सरकारी, दुसरी तराश्केविच यांच्या १९१८ च्या व्याकरणाला धरून चालणारी. २००७ साली मुख्य खोली सरकारी रीतीला मिळाली आणि दुसरीच्या दारावर जी पाटी आली, तिच्यात 'ओल्ड' हा शब्द होता. जुने! जे रोज त्या रीतीने लिहितात, त्यांच्या दारावर 'जुने' लिहायचे? आपल्या घरातल्या आजीच्या खोलीवर कोणी 'जुनी' अशी पाटी लावील काय? ती बदलून 'तराश्क' या नावाची पाटी लागायला २०१५ साल उजाडले. एक शब्द पुसायला आठ वर्षे! कारण एकदा पाटी लागली, की हजारो दुवे तिच्या भरवशावर लिहिले जातात. म्हणून पाटी लावण्यापूर्वी एक दिवस विचारा, म्हणजे नंतर आठ वर्षे झगडावे लागणार नाही. बदलताना मात्र त्यांनी एक चांगली गोष्ट केली. जुना पत्ता मारला नाही. त्या पत्त्यावर जाणारा माणूस आपोआप नव्या दारी पोचतो.

याच्या उलटही एक मासला आहे. स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या आलेमानिक बोलीची खोली 'एएलएस' या अक्षरांनी उघडली गेली. आंतरराष्ट्रीय सूचीत ही अक्षरे निघाली अल्बेनियातल्या तोस्क बोलीची! चूक उघड आहे. तरी लोक तिच्या आधाराने वर्षानुवर्षे लिहीत राहिले आणि पाटी तशीच राहिली. मी तिला हसत नाही. चुकीच्या पाटीखाली संसार थाटला गेला, की ती उतरवणे म्हणजे संसार हलवणे. चूक पहिल्या दिवशी झाली होती; त्या दिवशी वही उघडून पाहायला हवी होती.

"नियम आले की हौस मरते," असा शेवटचा आक्षेप मी ऐकला आहे. जी हौस एका वहीने मरते, ती मुळात किती जगणार होती? माझ्या त्या सात गोष्टींचे काय झाले? नियम नव्हता, हौस उदंड होती. हौस संपली आणि त्या दारात जुगार बसला. सामाईक नावाची अब्रू एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवणे याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. तो हलगर्जीपणा आहे.

मग हवे तरी काय? फार नाही. एक वही आणि चार रकाने. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्या नावाखाली काय चालते ते, एका ओळीत. तिसऱ्यात सांभाळणाऱ्यांची नावे, आणि ती दोन तरी हवीत. एक गेला तर दुसरा असावा. चौथ्यात पुन्हा तपासण्याची तारीख. त्या तारखेला कोणी उत्तर दिले नाही, तर गावभर पुकारा करावा, मुदत द्यावी आणि पाटी उतरवावी. घर दुसरीकडे गेले असेल तर जुन्या दाराशी नवा पत्ता ठेवावा. नाव नवे असेल तर आधी राहणाऱ्यांना विचारावे आणि सगळ्यांना दिसेल असे चार दिवस टांगावे. यात कुठे सरकार आले? आमच्या वाडीतली भिशीसुद्धा याहून अधिक कागद ठेवते.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला पत्राने कळवले. लाल शाईची गोष्टही लिहिली. त्याचे उत्तर आले, "बाई, मांजराचे नाव अंगणात ठेवले आहे. माजघरात साधे नाव दिले. वही सुरू केली, पण तिसऱ्या रकान्यात दुसरे नाव लिहायला कोणी तयार होत नाही."

मी त्याला लिहिले, मग तो रकाना भरेपर्यंत पाटी लावू नकोस.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण दुकानाच्या वहीला हळदकुंकू वाहतो. ती पूजा पैशाची नाही. लिहिलेल्या शब्दाला जागण्याची आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरचा मुलगा, मुलगी, सून, जावई असल्या स्वयंसेवी कामात असतील. त्यांना यंदा फराळाला बसवून एवढेच विचारा, "तुमच्या नावांची वही कुठे आहे, आणि तिसऱ्या रकान्यात किती जण आहेत?" माझा विद्यार्थी येणारच आहे. त्याला मी वही घेऊनच ये म्हटले आहे. रकाना भरलेला असेल तर चकली मिळेल. रिकामा असेल तर आधी तो भरायचा.